बोली नको, बाजू सांगा: जाहीरनामा समित्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातल्या सर्व पक्षांच्या जाहीरनामा समित्यांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यातल्या एका गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवते. गावात त्याला अजून सेतूच म्हणतात, म्हणून मी सेतूवाली ताई. एक संगणक, एक प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र आणि दुपारी तीननंतर मान टाकणारा एक इन्व्हर्टर, एवढा माझा पसारा. तुम्ही मुंबईत जे वचन देता ते काही महिन्यांनी माझ्या टेबलावर अर्ज होऊन येतं. २०१७ च्या कर्जमाफीचे अर्ज मी रात्री दोन-दोनपर्यंत भरले, कारण दिवसा साइट उघडायची नाही. २०२४ च्या पावसाळ्यात लाडक्या बहिणींचे भरले. यंदा, २०२५ च्या सप्टेंबरपासून, त्याच बहिणींची ई-केवायसी सुरू झाली आणि शेजारच्या खुर्चीवर कापूसवाले, हमीभावानं कापूस विकायला लागणाऱ्या 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करायला. तुम्ही लिहिता ते आमच्या गावात सगळ्यात बारकाईनं वाचणारी बाई बहुतेक मीच असेन.

पत्राला निमित्त असं झालं की मागच्या आठवड्यात एका पक्षाचा कार्यकर्ता केंद्रावर आला. कोऱ्या कागदाची वही पुढे केली आणि म्हणाला, "ताई, लोकायले काय पाह्यजे ते सांगा, जाहीरनाम्यात टाकतो." मी त्याला चहा पाजला. उत्तर काही सुचलं नाही. तो गेल्यावर सुचलं ते हे: आकड्यांची बोली लावू नका, अवघड प्रश्नांवर तुमची बाजू सांगा. सुरुवात अमेरिकेपासून आहे, तेव्हा थोडं दमानं घ्या.

११ सप्टेंबर २०२४ ला आमच्या घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. ज्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात त्यांना त्या दिवसाची सकाळ सांगायला नको. आई पहाटे चारपासून पुरणाला लागलेली, मी सोळा भाज्या मोजत होते आणि तेरावर अडकले होते. पुण्याला सॉफ्टवेअर कंपनीत असलेला माझा चुलतभाऊ सणाला आला होता. त्याला अमेरिकेच्या व्हिसाची काळजी. साडेसहाला त्यानं डाळीच्या डब्याला मोबाइल टेकवून ठेवला. फिलाडेल्फियात तेव्हा रात्र होती आणि अध्यक्षपदाचे उमेदवार कमला हॅरिस आणि डोनाल्ड ट्रम्प जाहीर वादचर्चेला समोरासमोर उभे होते.

पहिलाच प्रश्न महागाईचा होता. हॅरिसबाई सांगत होत्या, लहान मूल असलेल्या घराला ६,००० डॉलरची करसवलत, नवा धंदा सुरू करणाऱ्याला ५०,००० डॉलरची वजावट. समोरच्यांनी बाहेरच्या मालावर लावायचा म्हटलेला कर हा खरं तर सामान्य माणसाच्या खरेदीवरचा विक्रीकर आहे, असंही. ट्रम्प म्हणत होते, तो कर बाहेरचे देश भरतील. पुढे आरोग्यविम्याचं विचारलं, इतकी वर्षं नवी योजना आणतो म्हणता, आहे का तयार? तर म्हणाले, योजनेच्या कल्पना आहेत. माझा भाऊ खदखदा हसला. मग ते परदेशातून आलेले लोक गावातली कुत्री-मांजरं खातात असं काहीतरी निघालं, तेव्हा आईनं पुरण घोटता घोटता विचारलं, "ह्याले विचारून काय राह्यले अन् हा सांगून काय राह्यला?"

बाबा दारात उभे होते. त्यांचा एकच प्रश्न, "कापसाचं काय म्हनते?"

कापसाचं कोणीच काही म्हणत नव्हतं. बाबा बैल धुवायला निघून गेले आणि आम्ही हसलो. ते हसू पुढं आमच्याच अंगावर आलं.

त्या दिवसांत आपल्या वाहिन्यांवर काय चाललं होतं आठवा. हॅरिस यांच्या आजोबांचं तमिळनाडूतलं गाव, तिथल्या देवळातली पूजा. दुसरीकडे उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराच्या बायकोचं घराणं मूळचं आंध्रचं. कोण कोणाची लेक, कोण कोणाचा जावई. लग्न जुळवायचं असतं तर ही माहिती पुरेशी होती.

मला माझ्या धंद्यामुळे एक सवय लागली आहे. कुठलीही योजना आली की मी कागदावर उभी रेघ ओढून दोन रकाने करते, पात्र आणि अपात्र, आणि तो कागद प्रिंटरच्या वर चिकटवते. तसाच एक कागद मी त्या दोघांचा केला. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला येणाऱ्या बारावीच्या दोन पोरींनी हौसेनं मदत केली.

पहिली ओळ आयात कराची. ट्रम्प यांच्या रकान्यात लिहिलं, सगळ्या देशांच्या मालावर दहा ते वीस टक्के, चीनच्या मालावर साठ. हॅरिस यांच्या रकान्यात पोरींनी 'नको' लिहिलं. मी खोडायला लावलं. ट्रम्प यांनी पहिल्या कारकिर्दीत चीनवर लावलेला कर बायडेन-हॅरिस सरकारनं तसाच ठेवला होता, वर मे २०२४ मध्ये चिनी विजेच्या गाड्यांवर शंभर टक्के करायचं जाहीर केलं होतं. म्हणून 'सरसकट नको' असं लिहिलं. एका शब्दानं किती फरक पडतो हे त्या पोरींना तिथंच कळलं. तेलाच्या ओळीत ट्रम्प म्हणजे खोदा आणि खोदतच राहा. हॅरिसबाई २०१९ मध्ये खडक फोडून तेल-वायू काढण्यावर बंदी घालू म्हणत होत्या, २०२४ मध्ये बंदी नाही म्हणाल्या. तिथं दोन्ही वर्षं लिहिली. घराच्या ओळीत पहिलं घर घेणाऱ्याला २५,००० डॉलर. परदेशी लोकांच्या ओळीत एकीकडे मोठ्या प्रमाणावर हाकलून लावणं, दुसरीकडे दोन्ही पक्षांनी मिळून तयार केलेला सीमेच्या कायद्याचा मसुदा.

एका ओळीत मात्र दोन्ही रकाने सारखे भरले. हॉटेलात वेटरला मिळणाऱ्या टिपेवर कर नको. ट्रम्प हे जूनमध्ये लास व्हेगासला बोलले आणि हॅरिस ऑगस्टमध्ये त्याच लास व्हेगासला. म्हणजे बोली तिथंही लागते, हे मी प्रामाणिकपणे कबूल करते.

पण बाकीचा कागद वाचला की कोण कुठे उभा आहे ते कळत होतं. एवढंच कशाला, ट्रम्प यांनी १७ सप्टेंबरला मिशिगनमध्ये नाव घेऊन सांगितलं होतं की भारत व्यापारात फार गैरफायदा घेतो. त्याच भाषणात आपल्या पंतप्रधानांचं कौतुक केलं. आपल्या वाहिन्यांनी कौतुक दाखवलं. ऑक्टोबरमध्ये शिकागोला म्हणाले, शब्दकोशातला सगळ्यात सुंदर शब्द म्हणजे टॅरिफ. माणूस काही लपवत नव्हता.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, तरी आमच्या वावरातून कसं दिसलं ते सांगते. ७ ऑगस्ट २०२५ पासून भारताच्या मालावर २५ टक्के, २७ ऑगस्टपासून रशियाचं तेल घेता म्हणून आणखी २५. झाले ५०. आपल्या कापडाचं आणि तयार कपड्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. गिरण्या आणि कपडे शिवणारे कारखाने हवालदिल झाले, त्यात त्यांचा दोष नाही. त्यांना दिलासा म्हणून केंद्रानं १९ ऑगस्टपासून बाहेरच्या कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढवलं. आमच्याकडे दसऱ्याच्या पुढेमागे बोंडं फुटतात, दिवाळीत घरात कापूस येतो. नेमक्या त्याच महिन्यांत बाहेरच्या गाठींना दार मोकळं. त्यात अमेरिकेच्याही गाठी आल्या. म्हणजे मारलं अमेरिकेनं कपडेवाल्याला आणि मलम लावलं ते आमच्या पाठीची साल काढून.

बाबांनी यंदा सीतादहीची पूजा करून वेचणीला हात लावला त्या दिवशी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८,११० रुपये आणि दारात आलेला खेडा खरेदीवाला बोलला सात हजारही नाही. वेचणारणीला किलोमागं बारा रुपये रोख द्यावे लागतात, तिला हमीभाव सांगून चालत नाही. दोन क्विंटल तिथंच गेले.

एका परक्या देशातल्या उमेदवारानं मतदानाआधी उघड सांगितलेली भूमिका आमच्या वावरापर्यंत आली. ती मला आधी वाचता आली, कागदावर उतरवता आली. आणि तुमची? त्याच आयात शुल्कावर तुमच्यापैकी कोणाची भूमिका काय होती? ती कुठल्या रकान्यात लिहू?

आता तुमच्या कागदाकडे येते.

योगायोग असा की ५ नोव्हेंबर २०२४ ला अमेरिकेत मतदान चालू होतं त्याच दिवशी कोल्हापुरात महायुतीनं दहा वचनं जाहीर केली. ६ तारखेला अमेरिकेचा निकाल कळला आणि त्याच संध्याकाळी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात महाविकास आघाडीनं पाच गॅरंट्या दिल्या. मी जुन्या कागदाशेजारी नवा कागद लावला आणि रेघ ओढली.

बहिणींना इकडे, म्हणजे महायुतीकडे, २,१०० रुपये; तिकडे, आघाडीकडे, ३,०००. (तिकडच्या योजनेचं नाव महालक्ष्मी. आई म्हणाली, आमच्या महालक्ष्म्या तीन दिवसांत जातात, ह्या किती दिवस राहतात पाहू.) शेतकऱ्याला इकडे कर्जमाफी, तिकडे ३ लाखांपर्यंत कर्जमाफी आणि नियमित भरणाऱ्याला ५०,००० रुपये. पोरांना इकडे १० लाख विद्यार्थ्यांना महिन्याला १०,००० विद्यावेतन, तिकडे बेरोजगाराला महिन्याला ४,०००. सोयाबीनला प्रचारसभांत इकडून ६,००० चा शब्द आला, तिकडून ७,००० चा. हमीभाव होता ४,८९२.

कागद भरून झाल्यावर मी लांब होऊन पाहिलं. हिंगणघाटच्या यार्डात लिलाव पाहिलाय मी, लहानपणी बाबांसोबत बंडीवर बसून जायचे. ढिगाभोवती माणसं, कोणी मूठभर माल हातात घेऊन वास घेतो, एक बोलतो सहा, दुसरा सव्वासहा, तिसरा मान हलवतो. माझा कागद तसाच दिसत होता. फरक एवढाच की यार्डात ज्यानं शेवटची बोली लावली त्याला माल उचलावा लागतो.

रेवडी म्हणून नाक मुरडणाऱ्यांपैकी मी नाही, हे इथंच स्पष्ट करते. त्या मंडळींनी एकदा महिनाअखेरीला आमच्या किराणा दुकानातली उधारीची वही पाहावी. माझ्या शेजारच्या काकू लाडक्या बहिणीच्या महिन्याच्या दीड हजारातून रक्तदाबाच्या गोळ्या आणतात आणि उरलेल्या पैशातून त्यांनी एक बकरी घेतली, तिला आता दोन पिल्लं आहेत. पैसे लागतात. खात्यात आल्यावर बाईची मान घरात थोडी वर होते, हे मी रोज पाहते.

पण माझ्या कागदावर तिसरा रकाना होता, 'केव्हापासून'. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात लाडक्या बहिणीच्या योजनेला ३६,००० कोटी ठेवले, ते दीड हजाराच्या हिशेबानं. २,१०० चा रकाना आज नोव्हेंबर २०२५ मध्येही रिकामा आहे. आणि आघाडीवाल्यांनी यात हसू नये. दीड हजाराला ३६,००० कोटी लागतात तर तीन हजाराला किती, हे माझ्या टेबलावरच्या दोनशे रुपयांच्या कॅल्क्युलेटरलाही कळतं. ते कुठून आणणार होता? कुठलं काम थांबवून, की कर वाढवून, की कर्ज काढून? तुम्ही हरलात म्हणून हिशेब द्यायचं टळलं, एवढंच.

कर्जमाफीचं तर मी काय बोलू. २००८ साली केंद्राची झाली. पाच एकरांपर्यंतच्याला पूर्ण माफी, त्यावरच्यानं ७५ टक्के भरले तर २५ टक्के सूट. आमच्या कोरडवाहू भागात आठ एकरवाला पश्चिम महाराष्ट्रातल्या दोन एकर बागायतवाल्यापेक्षा गरीब असतो, हे ती अट लिहिणाऱ्याला कोणी सांगितलं नसावं. २०१७ ला दीड लाखाची मर्यादा, २०१९ ला दोन लाखांची. आता मुख्यमंत्र्यांनी ३० जून २०२६ च्या आत निर्णय घेऊ म्हटलं आहे. हा एक 'केव्हापासून' भरला खरा, पण तो भरायला शेतकऱ्यांना ऑक्टोबरअखेर नागपूरजवळ रस्ता अडवून ट्रॅक्टर लावावे लागले. तारीख आली. कोण आत, कोण बाहेर, हे या नोव्हेंबर २०२५ पर्यंत तरी नाही. ते नेहमीप्रमाणे अर्ज उघडल्यावर मला कळेल, आणि ज्याला 'अपात्र' दिसेल तो तुमच्याकडे येणार नाही, माझ्याच टेबलावर हात आपटेल.

सोयाबीनची एक गोष्ट सांगते, ती माझ्या डोळ्यांदेखत घडली. २०२४ च्या नोव्हेंबरचा पहिला आठवडा. बाबा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर बावीस पोती टाकून एका खरेदी केंद्रावर गेले, मी नोंदणीचे कागद घेऊन सोबत. ओलावा मोजायचं यंत्र असतं, छोट्या कपात मूठभर दाणे टाकायचे, झाकण फिरवायचं, काचेवर आकडा लुकलुकतो. १३.८ आला. मर्यादा १२. बाबा त्या पोराला म्हणाले, "अजून एकदा मोज ना बापू." त्यानं दुसऱ्या पोत्यातले घेतले. १४.१. पोरगा बिचारा चांगला होता, म्हणाला, "काका, चार दिस वाळवा अन् आणा." ट्रॅक्टरचं भाडं चार दिवसांनी पुन्हा कोण देणार? परत येताना रस्त्यातच व्यापाऱ्याला दिलं, हमीभावाखाली जवळजवळ हजार रुपयांनी. मग १५ नोव्हेंबरला केंद्रानं ओलाव्याची मर्यादा १५ टक्के केली. मतदान २० तारखेला होतं. बाबांच्या दाण्यांतला ओलावा तेवढाच होता, फक्त दाणे तोवर दुसऱ्याच्या गोदामात पडले होते.

सभेतला ६,००० आणि ७,००० चा आकडा एकीकडे आणि त्या काचेवरचा १३.८ दुसरीकडे. आमचा भाव दुसऱ्या आकड्यानं ठरला. तो आकडा कोणाच्या जाहीर सभेत नव्हता.

शुल्काचंही तसंच. १४ सप्टेंबर २०२४ पासून बाहेरच्या कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क वाढवून २० टक्के केलं, सोयाबीनवाल्याला आधार म्हणून. मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणलं, तेल महाग झालं म्हणून. निवडणुकीआधी वाढलं आणि पुढच्या पेरणीच्या तोंडावर उतरलं. दोन्ही निर्णयांना कारणं आहेत, मी नाही म्हणत नाही. शहरातल्या बाईला तेलाचा पिपा स्वस्त हवा आणि आम्हाला सोयाबीनला भाव हवा, दोघीही मत देतात. गिरणीवाल्याला स्वस्त रुई हवी, त्याच्याकडे हजारो मजूर आहेत. कापसावर हे ११ टक्के शुल्क लागलं तेच फेब्रुवारी २०२१ मध्ये, आणि २०२२ ला कापूस दहा हजारांवर गेला तेव्हा एप्रिलपासून काही महिने ते काढलंही होतं. प्रश्न अवघड आहे. मला वाटतं, अवघड आहे म्हणूनच तुमच्या दहा वचनांत आणि पाच गॅरंट्यांत तो नाही. जिथं बाजू घेतली की कोणीतरी नाराज होणार, तिथं तुम्ही गप्प बसता. जिथं कोणीच नाराज होत नाही तिथं बोली चढवता. मग आम्ही तुलना करायची ती कशाची?

"हे केंद्राचं आहे, राज्याचं नाही," असं तुमच्यातला कोणी म्हणेलच. पक्ष तर तेच आहेत ना वो? लोकसभेला येता तेव्हा तोच झेंडा असतो. शिवाय हमीभावावर २० टक्के अनुदान देऊ हे वचन महायुतीनं राज्याच्याच निवडणुकीत दिलं होतं.

अमेरिकेतल्या सोयाबीनवाल्याचं उदाहरण मला यात फार बोलकं वाटतं. २०१८ ला ट्रम्प यांनी चीनशी करयुद्ध सुरू केलं, चीननं अमेरिकेच्या सोयाबीनवर २५ टक्के लावले, तिथला शेतकरी अडचणीत आला. सरकारनं त्यांच्यासाठी आधी १२ अब्ज आणि मग १६ अब्ज डॉलरची मदत जाहीर केली. २०२५ मध्ये पुन्हा तेच, कित्येक महिने चीननं त्यांचं नवं सोयाबीन घेतलंच नाही, ३० ऑक्टोबरला दोन अध्यक्षांची भेट झाली तेव्हा कुठं खरेदीचं ठरलं. हे सगळं होऊ शकतं हे आयोवातल्या शेतकऱ्याला २०२४ मध्ये माहीत होतं, तरी त्या राज्यानं ट्रम्प यांनाच निवडलं. चूक की बरोबर, तो त्यांचा प्रश्न. भूमिका समोर असल्या म्हणजे लोक शहाण्यासारखंच मत देतात, असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण त्या माणसाला निदान ठाऊक होतं की आपण काय विकत घेतोय. आम्ही पोतं न उघडता घेतो.

मी काय मागते आहे? पुढच्या वेळी विधानसभेचा असो की लोकसभेचा, जाहीरनाम्यात एक पान असं द्या की जे मला रेघ ओढून लिहिता येईल. ऑक्टोबर ते मार्च, आमचा माल बाजारात असताना, कापसावरचं आयात शुल्क काढणार की नाही? हो किंवा नाही. काढायचंच असेल तर बाजारभाव किती झाल्यावर? हमीभावाखाली बाजार असताना काढणार का? खाद्यतेलाचं तेच. खरेदी केंद्र तालुक्यात किती आणि कुठल्या तारखेला उघडणार, कारण दिवाळीनंतर उघडलेलं केंद्र ज्याच्याकडे गोदाम आहे त्याच्याच कामाचं. कापसाला ८ टक्के ओलावा धरून पूर्ण भाव आणि १२ च्या वर माल परत. ज्या वर्षी सप्टेंबरभर पाऊस पडतो, यंदासारखा, त्या वर्षी या नियमाचं काय करणार?

आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याचं काय? आमच्या गावात कितीतरी घरं दुसऱ्याचं वावर मक्त्यानं (ठरलेल्या भाड्यानं) किंवा बटईनं (पिकाच्या वाट्यानं) करतात. ई-पीक पाहणी मालकाच्या नावावर, 'कपास किसान'ची नोंदणी मालकाच्या नावावर. माझ्यासमोर परवा एक माणूस बसला होता, त्याच्या नखांत अजून कापसाच्या पऱ्हाटीचं काळं होतं, आणि ॲपच्या दृष्टीनं त्यानं या हंगामात कापूस पेरलाच नव्हता. त्याला काय सांगू? तुमच्यापैकी एक पक्ष म्हणू शकतो, मक्तेदाराची नोंद करू. दुसरा म्हणू शकतो, नको, जमीनमालक घाबरेल आणि वावर पडीक ठेवेल. दोन्हीत दम आहे. पण म्हणा तर!

चोर बीटीचंही बोला. तणनाशक सहन करणारं बिनपरवान्याचं बियाणं इथं सर्रास लागतं, दुकानात बिल मिळत नाही, फसलं तर तक्रार कुठं करायची ते माहीत नाही. परवानगी द्या म्हणणारे शेतकरी आहेत, देऊ नका म्हणणारे आहेत. निवडणुकीत मात्र ह्या विषयावर सगळ्या पक्षांचं अळीमिळी गुपचिळी.

लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत नवऱ्याचा किंवा बापाचा आधार आणि त्यावरचा ओटीपी मागतात. ज्या बाईचे दोघंही गेले तिनं काय करायचं, हे योजना लिहिताना कोणाला तरी सुचायला हवं होतं. अशा बायका केंद्रावर येऊन नुसत्या बसून राहतात. असो. हे जाहीरनाम्यापेक्षा अंमलबजावणीचं दुखणं झालं, पण टेबलावर रोज तेच असल्यामुळे निघालं.

जाहीरनामा कोणी वाचत नाही, असं तो वहीवाला कार्यकर्ता जाताना म्हणाला. माझ्या प्रिंटरवरचे ते दोन कागद वर्षभर लोक वाचत आहेत. अर्ज होईस्तोवर माणूस बसलेला असतो, समोर भिंत असते, तो वाचतो. कोणीतरी ट्रम्पच्या रकान्यात पेनानं शिवी लिहिली आहे, ती मी व्हाइटनरनं झाकली. दुसऱ्या कागदावरच्या 'केव्हापासून'च्या रिकाम्या रकान्यात बाबांनी खेडा खरेदीवाल्याच्या काट्याचे आकडे लिहायला सुरुवात केली आहे. मी रागावले तर म्हणाले, "रिकामाच होता ना माय, मंग जागा कायले वाया घालवाची?"

तिसरा कागद लावायला भिंतीवर जागा आहे. तुमचं ते एक पान तयार झालं की पक्षाच्या शिक्क्यासह पाठवा, केंद्र सकाळी दहाला उघडतं. छपाईचे मी पानाला दोन रुपये घेते, तुमच्याकडून घेणार नाही.

आपली,
सेतूवाली ताई
राळेगाव तालुका, जिल्हा यवतमाळ
नोव्हेंबर २०२५